वाट दाखवणारे आणि उपचार करणारे

मैत्रिणींनो, २०१५ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सरकारच्या दोन योजना जवळजवळ एकाच वेळी आल्या. एकीचं नाव बळीराजा चेतना अभियान. ती फक्त दोन जिल्ह्यांसाठी होती, आपलं यवतमाळ आणि तिकडे मराठवाड्यातलं उस्मानाबाद, ज्याला आता धाराशिव म्हणतात. दुसरीचं नाव प्रेरणा प्रकल्प. ती विदर्भ आणि मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी होती, त्यात आपणही होतो. दोन्ही योजनांमागचं कारण एकच, शेतकऱ्यांच्या आत्महत्या.

नावं कानाला सारखीच लागतात, चेतना काय नि प्रेरणा काय. म्हणून गावात बऱ्याच जणींना दोन्ही एकच वाटल्या. पण कामं वेगळी होती. चेतना अभियानात गावसमित्या होत्या, प्रबोधनाचे कार्यक्रम होते. खचलेल्या माणसाला हुरूप यावा, गावानं त्याला एकटं पाडू नये, हा हेतू. प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघरी जाऊन चौकशी करायची, कुणाच्या मनावर किती ताण आहे ते नोंदवायची, आणि ज्याला गरज असेल त्याला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांपर्यंत पोचवायचं, अशी साखळी होती. फोनवर बोलायला १०४ नंबर होता. एक योजना हुरूप देणारी, दुसरी आजार ओळखणारी.

आज हा विषय काढायचं कारण असं, की आता मोबाइलवर, गटाच्या शिबिरात, तालुक्याच्या हॉलमध्ये ‘लाइफ कोच’ नावाची माणसं दिसू लागली आहेत. आयुष्य बदला, मनाची ताकद वाढवा, तीन दिवसांचं शिबिर, अमुक फी. बचत गटाच्या बायका आम्हाला विचारतात, हे आणि मनाचे डॉक्टर एकच का? नाही. आणि हा फरक कळायला जरा मागं जावं लागतं.

फरक आपल्या आज्यांनाही ठाऊक होता, बरं का. सुनेचं आणि सासूचं पटेना, वाटणीवरून भावाभावांत बिनसलं, पोरीच्या लग्नाचा निर्णय होईना, तर घरातली नाहीतर आळीतली जाणती बाई मध्ये बसायची. दोन शब्द सांगायची, चार विचारायची. पण तीच सून जेवेनाशी झाली, रात्र रात्र जागी राहू लागली, एकटीच बोलू लागली, की जाणती बाई म्हणायची, हे माझ्यानं होणार नाही, हिला दाखवा. मग कुणी भगताकडे न्यायचं, कुणी दर्ग्यात, कुणी महानुभावांच्या देवस्थानात मुक्कामाला. तिथं काही जणींना आसरा मिळाला, हे खरं. काही जणींना साखळ्या आणि मारही मिळाला, हेही खरं, आणि म्हणून २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. नेण्याची जागा चुकत असेल, पण ‘सांगून भागेल’ आणि ‘सांगून भागणार नाही’ यातली रेघ आज्यांना दिसत होती.

सांगण्याची परंपरा तर आपल्या वऱ्हाडात फार मोठी. गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. आमच्यातल्या कुणी ते ऐकलेलं नाही, बाबा १९५६ सालीच गेले, पण घरातली म्हातारी माणसं सांगत आली. बाबा लोकांना उपदेश कमी करायचे नि प्रश्न जास्त विचारायचे. कर्ज काढून सण का करता, पोराला शाळेत का घालत नाही, आणि उत्तर समोरच्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. आजचे लाइफ कोच जी कला शिकतात तिचं मर्म हेच, की उत्तर त्या माणसाजवळच असतं, आपण फक्त नीट विचारायचं. फी घेऊन शिकवतात म्हणून ती नवी झाली, असं नाही.

उपचाराचा इतिहास मात्र असा मोकळ्या मैदानातला नाही. तो कुलुपातून सुरू होतो. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ सालचं, ठाण्याचं १९०१ चं. १९१२ साली इंग्रजांनी वेड्यांसाठीचा कायदा केला. त्यात माणसाला दाखल करायचं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागायचा, म्हणजे आजारी माणूस आणि गुन्हेगार दोघांचा रस्ता कचेरीतूनच जायचा. हा कायदा १९९३ पर्यंत पुस्तकात राहिला. आपल्याकडे आजही ‘पागलखाना’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की घरचे चूप होतात, त्याचं मूळ तिथं आहे. लाइफ कोचकडे जायला लाज वाटत नाही, दवाखान्यात जायला वाटते, आणि निम्म्या लोकांची चूक याच लाजेपायी होते, असं आमचं मत.

पण मनाचा उपचार म्हणजे फक्त कुलूप नि गोळी नाही. नुसत्या बोलण्यानंही उपचार होतो, हे जगाला दाखवून दिलं ते एका बाईनं. १८८० साली ऑस्ट्रिया देशातल्या व्हिएन्ना शहरात बर्था पापेनहाइम नावाची २१ वर्षांची मुलगी आजारी वडिलांची सेवा करता करता स्वतःच आजारी पडली. हातपाय जड झाले, मातृभाषाच तिच्या तोंडातून येईना, नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. जोसेफ ब्रॉयर नावाचे डॉक्टर रोज येऊन तिचं ऐकत बसायचे. तिच्या ध्यानात आलं, की बोलून झालं की जरा मोकळं होतं. या प्रकाराला ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिनंच दिलं. पुढं ब्रॉयर आणि त्यांचे तरुण मित्र सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ साली पुस्तक लिहिलं, त्यात तिची हकीकत नाव बदलून छापली, आणि फ्रॉइड जगभर गाजले.

बर्था काही त्या बोलण्यानं झटकन बरी झाली नाही. त्यानंतरही काही वर्षं तिला दवाखान्यांत काढावी लागली. मग ती सावरली, आणि १९०४ साली जर्मनीत ज्यू बायकांचा महासंघ उभा केला. लग्नाशिवाय आई झालेल्या मुलींसाठी घर चालवलं, बायकांच्या विक्रीविरुद्ध लढली. आपण गटांचे ग्रामसंघ करतो ना, तसंच म्हणा. मानसोपचाराच्या पुस्तकात ती फक्त रोगी म्हणून येते, याचं आम्हाला वाईट वाटतं.

आपल्या देशात हे शास्त्र लवकर आलं. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली मनोविश्लेषणाची संस्था काढली. मुंबईत समाजकार्याचं शिक्षण देणारी जी संस्था आज टाटा म्हणून ओळखली जाते, तिनं १९३७ साली लहान मुलांच्या मनासाठी दवाखाना चालू केला. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. पण हे सगळं शहरात. आपल्याकडे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली झालं, तेव्हा कुठं जिल्ह्याला मोठा दवाखाना मिळाला.

आणि त्याच्या तीन वर्षं आधीची तारीख आपल्या जिल्ह्याला विसरता येत नाही. १९ मार्च १९८६. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांचं अख्खं कुटुंब त्या दिवशी गेलं. शेतकऱ्याच्या दुःखाची नोंद महाराष्ट्रानं तिथून घेतली, आणि दरवर्षी त्या दिवशी अनेक लोक उपवास करतात. पुढं २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज मिळालं. कर्ज, सिंचन, दुभती जनावरं असा सगळा हिशेब त्यात होता. आशाताईनं दारात येऊन मनाचं विचारावं, ही वेळ यायला चिलगव्हाणनंतर २९ वर्षं लागली.

आता कोचकडे येऊ. शब्द मजेशीर आहे. हंगेरी देशात कोच नावाचं एक गाव आहे. पाचशे वर्षांपूर्वी तिथले सुतार चांगल्या घोडागाड्या बनवायचे, म्हणून गाडीलाच कोच म्हणू लागले. आपल्या शकुंतला रेल्वेच्या डब्यालाही इंग्रजीत कोचच. पुढं इंग्लंडमधल्या कॉलेजच्या पोरांनी परीक्षेतून पार नेणाऱ्या मास्तरला गमतीनं कोच म्हटलं, मग खेळाच्या मास्तरला. कोचिंग क्लास तर आपल्या आर्णी-दारव्ह्यातही आहेत. १९७४ साली टिमोथी गॉलवे या अमेरिकन माणसानं टेनिस शिकवण्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, खेळाडूचा खरा सामना स्वतःच्या मनाशी असतो. मोठमोठ्या कंपन्यांनी ते उचललं. थॉमस लिओनार्ड हे लोकांच्या पैशाचं नियोजन करून देणारे गृहस्थ. त्यांना दिसलं, की गिऱ्हाइकं आजारी नाहीत, पण त्यांना पैशापलीकडचंही बोलायचं असतं. त्यांनी १९९२ साली कोच तयार करणारी शाळा काढली, १९९५ साली कोच लोकांची संघटना झाली. म्हणजे बंडी जशी बसलेल्याला इकडून तिकडे नेते, तसं हे काम. पण बंडीत बसायला माणसाला उठून यावं लागतं, एवढं लक्षात ठेवा.

बरेच कोच सांगतात, मानसोपचार मागच्या आयुष्याचा नि कोचिंग पुढच्या. हे ऐकायला छान वाटतं, पण खरं नाही. गोव्यातल्या संगत या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक पद्धत वापरून पाहिली. तीव्र उदासी आलेल्या लोकांना गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ वेळा भेटायचं. मागचं उकरून काढायचं नाही. आज काय करता येईल ते बघायचं, सकाळी अंगण झाडणं असो की शेजारणीकडे जाऊन बसणं. छोटं काम ठरवायचं, पुढच्या भेटीत विचारायचं. हे तर कोचिंगसारखंच झालं! २०१७ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. समुपदेशक भेटले त्यांतले १०० पैकी ६४ जण सावरले, फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९.

मग याला उपचार का म्हणायचं? कारण आधी उदासी किती आहे ते मोजलं होतं. दर भेटीत पुन्हा पाहिलं जात होतं. समुपदेशकाच्या कामावर जाणत्यांची नजर होती. आणि जीव द्यायचे विचार बोलून दाखवणाऱ्याला पुढं कुठं न्यायचं, हे ठरलेलं होतं. आमच्या मते खरा फरक इथं आहे. मागचं की पुढचं, गोड बोलणं की कडू बोलणं, यात तो नाही. समोरची बाई खाली खाली चालली तर ते ओळखणं कुणाच्या कामात धरलेलं आहे, आणि ओळखून काही केलं नाही तर जाब कुणाला विचारता येतो, यात आहे.

समजा, एका गटातली बाई आहे. शिवणकाम येतं, दुकान टाकायचं मनात आहे, पण धीर होत नाही. बँकेत बोलायचं कसं, घरच्यांना पटवायचं कसं, आधी काय नि नंतर काय, हे सुचत नाही. हिला वाट दाखवणारं माणूस हवं. ते कोच असेल, उमेदची सीआरपी ताई असेल, माविमची सहयोगिनी असेल, नाहीतर आधी दुकान टाकलेली मैत्रीण असेल. आता दुसरी बाई. तिलाही दुकान टाकायचं होतं. पण महिना झाला, ती पहाटे तीनला उठून बसते, भूक नाही, मशीनकडे बघवत नाही, कशालाच अर्थ नाही म्हणते, लेकरांवर उगाच रडते. तिला जर कुणी म्हणालं, ध्येय डोळ्यांसमोर ठेव, मन घट्ट कर, रोज आरशासमोर उभं राहून मी करू शकते म्हण, तर काय होईल? तिच्यानं ते होणार नाही. मग ती म्हणेल, बघा, माझ्यानं एवढंही होत नाही. आजारानं आधीच मन खात होतं, आता वर स्वतःचा दोषही आला. शिबिराची फी गेली ते वेगळंच.

चांगला कोच अशा बाईला पाहिलं की थांबतो आणि सांगतो, ताई, आधी डॉक्टरांना भेटा. असे कोच आहेत, त्यांच्या शिक्षणातही हे असतं. पण सगळे कोच शिकलेले नसतात, कारण शिकायचं बंधन नाही. लाइफ कोच होण्यासाठी आपल्या देशात कुठली सरकारी नोंदणी लागत नाही. उद्या आम्हीही रेडिओ स्टेशनच्या दारावर पाटी लावू शकतो! त्यांच्या संघटना प्रमाणपत्रं देतात, पण त्या खासगी. मनाच्या डॉक्टरांचं तसं नसतं. ते आधी एमबीबीएस आणि मग मानसोपचाराचं शिक्षण घेतलेले, मेडिकल कौन्सिलच्या नोंदीतले असतात, गोळ्या तेच लिहून देतात. गोळ्या न देता बोलून उपचार करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्यानं झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ‘समुपदेशक’ हा शब्द मात्र ढिला आहे, कुणीही लावतं. म्हणून शिक्षण काय, नोंदणी कुठली, हे विचारायला लाजू नका. दुकानदाराला आपण बियाण्याच्या पाकिटावरचं लेबल विचारतोच की.

२०१७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला, तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. सरकारी दवाखान्यात मनाचा उपचार मिळणं हा त्यानं हक्क केला. तुमची गोष्ट बाहेर फोडायची नाही, हेही त्यात आहे. आणि ज्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला तो तीव्र तणावाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, सरकारनं त्याची काळजी घ्यायची, असं त्यात लिहिलं. पोलीस केसच्या भीतीनं कितीतरी घरं दवाखान्यात खरं सांगत नव्हती, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट झाली.

आता कुणी म्हणेल, मग आम्ही गटाच्या बायकांनी हात लावायचाच नाही का? तसं अजिबात नाही. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातलेच कार्यकर्ते लोकांशी बोलायचे, उदासी ओळखायचे, धीर द्यायचे, गरज पडली तर समुपदेशकाकडे आणि डॉक्टरकडे न्यायचे. सुरुवातीला उदासीचा आजार असलेल्या १०० पैकी जेमतेम ४ जण मदतीपर्यंत पोचत होते. दीड वर्षात ते २७ झाले. जीव द्यायचे विचार येणाऱ्यांचं प्रमाणही निम्म्यावर आलं. आफ्रिकेतल्या झिम्बाब्वे देशात तर २००६ पासून आज्याच हे काम करतात. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर बसतात आणि आलेल्याचं ऐकतात. तिथल्या भाषेत या आजाराला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘फार विचार करणं’. आपल्याकडे म्हणतात ना, तिला विचार लागले. त्या आज्या शिकवून तयार केलेल्या आहेत, प्रश्नांची यादी त्यांच्याजवळ असते, आणि आपल्या आवाक्याबाहेरचं माणूस त्या वरच्या दवाखान्यात पाठवतात.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही हातातली नाही. नवरा मारत असेल तर त्यावर मन शांत ठेवायचं शिबिर नको आणि झोपेची गोळीही पुरेशी नाही. तिथं २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, पोलिसांबरोबर काम करणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे. तसाच कापसाला भाव नाही, सावकार दारात आहे, हा काही मनाचा आजार नाही. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. नवरा गेल्यावर अंगणवाडीत काम करून त्यांनी घर चालवलं. ‘तेरवं’ या नाटकात त्या आणि त्यांच्यासारख्याच एकट्या पडलेल्या बाया स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्या बोलल्या तेव्हा आम्हाला वाटलं, यांना कुणी ‘सकारात्मक विचार करा’ सांगायला जाऊ नये. भाव, कर्ज, वारसाहक्क यांचं उत्तर त्या मागत होत्या, आणि ते द्यायचं काम सरकारचं नि समाजाचं.

म्हणून तुमच्या गटात कुणी लाइफ कोच आला तर त्याला हाकलून देऊ नका. ऐका. फक्त आधी तीन प्रश्न विचारा. तुम्ही काय शिकलात आणि कुठं? शिबिरात एखादी बाई म्हणाली की जगावंसं वाटत नाही, तर तुम्ही त्याच दिवशी तिला कुठं नेणार? आणि आमच्या बायका तुम्हाला जे सांगतील ते तुमच्या मोबाइलच्या व्हिडिओत तर जाणार नाही ना? दुसऱ्या प्रश्नाला जो अडखळेल त्याच्याकडून हिशेबाचं, दुकानाचं, भाषण करायचं जरूर शिका. मनाचं दुखणं मात्र त्याच्यासमोर उघडू नका.

आणि कुणाला दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, भूक नाही, मन कशातच लागत नाही, किंवा मरणाची भाषा तोंडी येते आहे असं दिसलं, तर दोन आठवडेही मोजत बसू नका. तिला एकटं सोडू नका. सरळ विचारा, जीव द्यायचं मनात येतं का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला जागा मिळते. आशाताईला बोलवा, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, नाहीतर यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागात न्या. रात्र असेल, गाडी मिळत नसेल, तर १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि दिवसरात्र कुणीतरी फोन उचलतं.